पुणतांबे व नगर जिल्हा : दात्यांच्या माहितीकरिता

दुष्काळनिवारणार्थ द्रव्य, धान्य अथवा कडबा देणारे सद्गृहस्थ एक प्रश्न वारंवार विचारतात : ‘पुणतांबे गोदावरीच्या काठी, पाटाच्या मुलखात, उसाच्या मळ्यांत; तेथील कमिटीने दुष्काळाची झोळी का फिरवावी?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जिल्ह्याच्या रचनेत व वस्तीत आहे, म्हणून जमाखर्च पाहण्यापूर्वी पुढील मजकुराकडे वाचकांनी कृपादृष्टी करावी.

अहमदनगर जिल्हा (२०२४ साली ज्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. विस्तार सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर. २०११ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ४५,४३,१५९ भरली, व तीपैकी शेकडा सुमारे ऐंशी लोक खेड्यांत राहणारे होते. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे तालुके अकरा होते. पुढे पाथर्डी, श्रीरामपूर व राहाता मिळून चौदा झाले. पुणतांबे पूर्वी कोपरगाव तालुक्यात मोडत असे, ते १९९९ च्या फेररचनेत राहाता तालुक्यात आले.

एवढ्या मुलखाला एकच नाव असले तरी पाऊस एक नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्री उभा आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर तेथलेच. तेथे पाऊस कोसळतो. घाट उतरून ढग पूर्वेकडे सरकू लागले की ते रिते होत जातात, आणि कोपरगाव-राहात्याच्या सपाटीवर वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाणी पडले तर लोक समाधान मानतात. दक्षिणेस जामखेड-कर्जतकडे जमीनही हलकी. ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्यास मिळाले त्यांचे जन्मगाव चोंडी याच कोरड्या जामखेड तालुक्यातले.

राहिली गोदावरी. नदीचे पात्र खोल आणि काळी जमीन वर, त्यामुळे केवळ काठी वसल्याने शेत भिजत नाही. चांगदेवांच्या समाधीपासून नदीवर स्नानास उतरणाऱ्या यात्रेकरूस हे पायऱ्या मोजूनच कळावे! शेतास पाणी मिळाले ते नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून काढलेल्या कालव्यांनी व १९१६ साली पुऱ्या झालेल्या दारणा धरणाने. प्रवरेवरील भंडारदरा १९२६ साली पुरे झाले. त्यानंतर ऊस आला, साखरेच्या कंपन्या आल्या, आणि १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. म्हणजे येथील सुबत्ता नदीची नसून पाटाची आहे, व पाटाचे पाणी कोठल्या तरी दूरच्या धरणातील साठ्यावर अवलंबून. तो साठा कमी भरला की आवर्तने घटतात. शिवाय खाली पैठणास १९७६ पासून जायकवाडी आहे. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून तिकडे पाणी सोडावे लागते. तेथील तहानही तेवढीच खरी, हे आमच्या मंडळींना कटू वाटले तरी सांगणे भाग आहे.

पाट येण्यापूर्वी काय होत असे, ते खानेसुमारीचे आकडे सांगतात. १८९१ साली जिल्ह्याची वस्ती ८,८८,७५५ होती. १९०१ साली ती ८,३७,६९५ भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट एक्कावन्न हजार माणसे कमी. मध्ये १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा छप्पन्नाचा, व त्यांच्या जोडीला प्लेग. काही मेली, काही परागंदा झाली. त्याही पूर्वी, १८७६-७७ च्या दुष्काळात, भुकेल्या लोकांना दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर लावले होते. १८७८ साली खुला झालेला तो रस्ता पुणतांब्यावरूनच जातो, व आपल्यापैकी पुष्कळांचा माल त्यावरून गेलेला आहे.

आता वकिली पेशामुळे ध्यानात आलेली एक गोष्ट सांगतो. सातबाऱ्यावर जमीन ‘बागाईत’ लिहिली म्हणजे शेतकरी सधन, असा समज कचेरीत व पेढीवर सारखाच आढळतो. पण नोंद पाटाच्या हक्काची असते, प्रत्यक्ष आलेल्या पाण्याची नव्हे. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत, त्याला कागद बागाईतदार ठरवतो आणि उन्हाळा कोरडवाहू. पैसेवारी पन्नासांच्या आत आल्याखेरीज सरकारी सवलती पूर्वी लागू होत नसत, व ती काढतात अख्ख्या गावाची. चार भिजलेली शेते चाळीस वाळलेल्यांना झाकू शकतात. ज्याला सातबाराच नाही अशा मजुराचा तर या हिशेबात उल्लेखच येत नाही. १ जून २०१७ पासून झालेल्या शेतकरी संपाची हाक याच पुणतांब्यातून गेली. पाटाच्या गावाने दूध व भाजीपाला रोखून धरावा, यावरून कर्ज व दर यांचा ताण पाण्याजवळही किती होता ते दिसते.

मजुरांविषयी आणखी एक. पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेर पडतात. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत, ऐन गाळपाच्या हंगामात झाली. तेव्हा कारखान्याभोवतीच्या वस्तीत मोजलेली माणसे सगळी तेथलीच समजू नयेत. हीच माणसे उन्हाळ्यात आपल्या गावी परततात, आणि विहिरी आटलेल्या असतात तेव्हाच तेथील तोंडे वाढतात.

यास्तव दात्यांस दोन विनंत्या. देणगीवर ‘फक्त पुणतांब्याकरिता’ असे बंधन शक्यतो घालू नये. कमिटीस ती पूर्वेच्या व दक्षिणेच्या तालुक्यांतही खर्चण्याची मोकळीक असावी. आणि कडबा देणाऱ्यांनी तो फाल्गुनाच्या आत पोचता करावा. चैत्रात आलेली गाडी पुष्कळदा रिकाम्या गोठ्यापुढे उभी राहते.