वजनकाट्यावरचा हिशेब

पशुवैद्याच्या दवाखान्यात कुत्रा आधी चढतो तो वजनकाट्यावर. गुळगुळीत पत्र्यावर त्याचे मागचे पाय घसरतात, एक पंजा बाहेरच राहतो, मालक पट्टा धरून त्याला पुन्हा मध्ये सरकवतो आणि आकडा क्षणभर स्थिरावला की तो फाइलवर चढतो. जंताचे औषध किती, गोचिडांची गोळी कोणत्या वजनगटाची, शस्त्रक्रियेआधी भूल किती, हे सगळे त्या आकड्यावरून ठरते. कुत्रा पाळण्याचा खर्चही याच काट्यावरून मांडायला हवा. घरोघरी मात्र हिशेब पिल्लाच्या किमतीपासून सुरू होतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो.

किंमत एकदाच मोजायची असते. पोट रोजचे असते. नसबंदी झालेल्या १६ किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात, ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला १,४०० च्या वर. ड्राय फूडमध्ये मोजले तर एकाला सुमारे अडीचशे ग्रॅम आणि दुसऱ्याला चारशे. भांड्यात हा फरक दोन-तीन मुठींचा दिसतो. पण भाव किलोला ३०० रुपये धरला, तर महिन्याला साडेचार किलो जास्त, म्हणजे १,३५० रुपये. बारा वर्षांचे आयुष्य धरले तर १,९४,४०० रुपये. म्हणजे फुकट मिळालेले मोठ्या जातीचे पिल्लूही फुकट नसते. घरच्या भात-चिकनवर हा आकडा खाली येऊ शकतो, पण कांदा-लसणाच्या रश्श्यातले उरलेसुरले त्यात चालत नाही, आणि कॅल्शियमची उणीव डॉक्टरांना विचारून वेगळी भरून काढावी लागते.

शिवाय खर्च दरमहा सारखा येत नाही. पहिल्या वर्षी तो दाटीने येतो: सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस, मग चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, जंताची औषधे आणि नंतर नसबंदी. पुढची पाच-सहा वर्षे वार्षिक लस, गोचिडांची गोळी आणि खाणे एवढ्यावर भागते. हीच शांत वर्षे फसवतात, कारण कुत्र्याला लागते ते एवढेच, असे घर धरून चालते. मग उतारवयात दात, सांधे, मूत्रपिंड आणि अंगावरच्या गाठी एकामागून एक पुढे येतात. म्हणून खर्चाची मासिक सरासरी काढून उपयोग नाही. स्वस्त वर्षांनी महाग वर्षांसाठी साठवायला हवे. महिन्याला हजार रुपये बाजूला पडले तर पाच वर्षांत साठ हजार होतात. टाळलेला खर्च तर पुढे वाढूनच येतो. लस चुकलेल्या पिल्लाला पार्व्हो झाला की कित्येक दिवस सलाईनवर ठेवावे लागते. नसबंदी न केलेल्या वयस्क कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला तर तीच शस्त्रक्रिया तातडीने, आजारी देहावर आणि कितीतरी जास्त पैशांत करावी लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की वाडीवस्तीवरचे कुत्रे भाकरीच्या तुकड्यावर जगते, राखण करते, त्याचा जमाखर्च कोणी लिहिला? ते जगते हे खरे, पण आपल्या नजरेला पडतात ती जगलेली कुत्री. पार्व्होने आणि डिस्टेंपरने पिल्लेपणीच गेलेली त्या गणतीत नसतात. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: असा हिशेब मांडला तर कुत्रा ही श्रीमंतांची चैन ठरेल. उलट बेताच्या उत्पन्नाच्या घराला हिशेबच वाट दाखवतो. लहान अंगाचे, इथल्या उन्हापावसाला सरावलेले गावठी पिल्लू, वेळेवर लस आणि नसबंदी या तीन निर्णयांनी खर्चाचा मोठा भाग आटोक्यात येतो. ज्याला हस्की थंड ठेवण्यासाठी एसी लावणे परवडत नाही, त्याने कमी प्रेम केले असे होत नाही. विमा आहे ना, असेही कोणी म्हणेल. विमा जरूर घ्यावा, पण वयाची अट, सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ आणि वगळलेले आजार वाचून. साठवणीची जागा तो घेत नाही.

राहतो तो आक्षेप भावनेचा: जीव लावल्यावर पैसे कसले मोजायचे? मोजायचे ते एका विशिष्ट क्षणासाठी. डॉक्टर शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च सांगतात, कुत्रा टेबलाखाली मालकाच्या पायाला टेकून बसलेला असतो, आणि उत्तर तिथल्या तिथे द्यायचे असते. त्या वेळी माया सगळ्यांकडे असते. हातात तजवीज मात्र ज्याने आधी केली त्याच्याच असते. ती नसली की उपचार अर्धवट सुटतात, कधी कुत्रा लांबच्या रस्त्यावर सोडला जातो. पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण शिक्षेच्या धाकाने कोणाच्या घरात पैसे उभे राहत नाहीत. म्हणून पिल्लू आणण्याआधी वहीच्या एका पानावर तीन आकडे लिहावेत: ते मोठे झाल्यावर किती किलोचे होईल, किती वर्षे जगेल आणि आपण महिन्याला किती बाजूला ठेवू. तिसरा आकडा पहिल्या दोघांना पुरत नसेल, तर लहान अंगाचे पिल्लू निवडावे किंवा वर्षभर थांबावे.