शहराच्या ताटात आपला तांदूळ

शहापुराहून भंडारा ते किती दूर! तरी आपल्या बांधीतील धान व्यापाऱ्यामार्फत परमुलखी जाते, आणि शहरातील गृहस्थ परमुलखातील तांदळाची पिशवी विकत घेतो.

१०० किलो धान भरडले म्हणजे साधारणतः ६५ ते ६७ किलो तांदूळ पडतो. बाकी भुसा व कोंडा. धान विकणारा शेतकरी हा कोंडाही त्यासोबत देऊन टाकितो. गावच्या गिरणीत भरडून तांदूळच मोहल्ल्यात नेला तर कोंडा आपल्या गुरांच्या तोंडी पडतो, व लांबच्या वाहतुकीचा खर्च आणि धूर दोन्ही वाचतात.

चिन्नोराविषयी हे विशेष खरे. हे वाण उंच वाढून लोळते, उशिरा पिकते, उतारा कमी देते. सुवासाची किंमत देणारे गिऱ्हाईक समोर असल्यावाचून ते परवडत नाही.

कायद्याचे भय नको. आम्ही महसुलात लेखणी झिजविली आहे. सन १९६३ च्या बाजार समिती कायद्याने किरकोळ विक्री अडविलेली नाही, आणि फळे व भाजीपाला तर २०१६ साली नियमनातून वगळला गेला.

मात्र वार ठरलेला व माप पुरे असावे. तांदूळ नवा की जुना, हेही आधी सांगावे. नव्याला पाणी कमी लागते, नाही तर भाताचा गोळा होतो. हे न सांगितल्यामुळे गेल्या साली आमचे एक चांगले घर तुटले.