गाडी डावीकडे ओढते, उस्ताद!

रविवारी भल्या सकाळी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरून, रेड रोडवरून गुरगुरत जाणाऱ्या स्पोर्ट्‌स कार आता साऱ्यांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यांचे रंग, त्यांचे आवाज, मोबाइल उंचावून मागे धावणारी पोरं हे सगळं व्हिडिओंमधून पुण्या-मुंबईतही पोचलं आहे. त्याच गाड्यांची शनिवारची संध्याकाळ मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. मल्लिक बाजारच्या आसपास, जुन्या सुट्या भागांच्या ढिगाऱ्यांमधल्या एखाद्या गाळ्यात ती गाडी चाकं उतरवून उभी असते आणि मालक कपाळाला आठ्या घालून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असतो: “गाडी डावीकडे ओढते, उस्ताद!” नोकरीमुळे कोलकात्यात होतो तेव्हा अशा गाळ्यांच्या बाकड्यांवर मी पुष्कळ शनिवार काढले. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही टायर बदलताना उरकून टाकायची किरकोळ कामं आहेत, असा समज तिथे कायमचा गळून पडतो.

सुरुवातीचं युद्ध मोजमापाचं नसतंच, ते गाडी रॅम्पवर चढवण्याचं असतं. हे रॅम्प बांधले गेले अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सीच्या मापाने. ही गाडी उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये २०१४ पर्यंत बनत होती आणि तिच्या पोटाखालून मांजर आरामात निघून जाई. स्पोर्ट्‌स कारचा पुढचा ओठ जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत वर. म्हणून दोन पोरं दोन बाजूंना पालथी पडतात, चाकांखाली फळ्या सरकवतात आणि “आस्ते, आस्ते” असा गजर चालू राहतो. एका संध्याकाळी अशी लाल गाडी अर्ध्या तासाच्या कसरतीनंतर वर चढली. यंत्र चालू करण्याआधी उस्तादांनी चारही टायरची हवा पाहिली. पुढच्या दोन चाकांत सहा पौंडांचा फरक निघाला. हवा सारखी केली, गाडी खाली उतरवली, फेरी मारून आणली, ओढणं बंद. मालकाने मोठी नोट पुढे केली, तर उस्ताद म्हणाले, “हवेचे पैसे कसले?”

दुसरी तक्रार खुद्द रेड रोडवरची. १९४२ मध्ये याच रस्त्याचा धावपट्टीसारखा वापर करून हरिकेन विमानं उडाली होती, इतका तो सरळ आणि रुंद. तिथेही गाडी डावीकडे जाते म्हटल्यावर मालकाची झोप उडाली. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं, दोन्हीकडच्या यंत्रांचे कागद हिरवेगार, म्हणजे सगळी मापं मर्यादेत. उस्तादांनी गाडी एका इमारतीच्या तळघरातल्या सपाट काँक्रीटवर नेली आणि स्टिअरिंगवरचे हात अलगद काढले. गाडी सुतासारखी सरळ गेली. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे गाडी सदैव डाव्या उतारावर असते. जाणता माणूस म्हणूनच डाव्या चाकाचा कास्टर, म्हणजे ते ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकणारा कोन, कंपनीच्या मर्यादेत राहून किंचित जास्त ठेवतो. गाडी कमी कास्टरच्या बाजूला झुकते, त्यामुळे तो उतार भरून निघतो. कागद हिरवा असूनही गाडी ओढत होती आणि त्यात दोष ना गाडीचा होता, ना यंत्राचा!

कोलकात्याच्या रस्त्यावर आणखी एक खलनायक आहे: ट्रामचे रूळ. ट्रामच्या फेऱ्या आटल्या तरी रूळ काही ठिकाणी तसेच आहेत, त्यांच्या कडेचे दगड खचलेले. जाड रबराच्या टॅक्सीला त्याचं काही वाटत नाही. पातळ कडेच्या टायरची गाडी त्यावरून गेली की धक्का थेट रिमला आणि चाकं वळवणाऱ्या टाय रॉडला बसतो. एका चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत तीन मिलिमीटरचा फरक पडला, तर साधारण साठ सेंटिमीटर व्यासाचं ते चाक दर किलोमीटरला पाच मीटर आडवं घासत जातं. त्रैराशिक मांडून पाहा. पाचशे किलोमीटरमध्ये अडीच किलोमीटर नुसतं घासणं! रबर आतल्या कडेला झिजतं, बाहेरून टायर नवा दिसतो आणि मालकाला ते कळतं ते कडेचा तारांचा सांगाडा उघडा पडल्यावर.

वजनाचा किस्सा मला सर्वांत प्रिय आहे. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांचं अलाइनमेंट रिकाम्या गाडीवर करायचं नसतं. पुढच्या दोन सीटवर प्रत्येकी ६८ किलो, मागे मधोमध ६८ आणि डिकीत थोडं वजन ठेवून, टाकी भरून माप घ्यावं असं कंपनी सांगते. माणसं बसली की स्प्रिंग दबतात आणि चाकांचे कोन बदलतात. त्यासाठी खास वजनं मिळतात, गाळ्यात ती नव्हती. मग शेजारच्या बिर्याणीवाल्याकडून तांदळाची पोती आली, काट्यावर तोलून, कमी पडलेला भार दुसऱ्या पिशवीने भरून काढून ती सीटवर रचली. मालक आपल्या चामड्याच्या सीटकडे हताशपणे पाहत राहिला. आकडे मात्र कंपनीच्या मापात चोख बसले. हे काम एरवी दीड तास चालतं, त्या दिवशी तासाभरात उरकलं, कारण दुपारची हंडी चढण्याआधी पोती परत करायची होती.

मल्लिक बाजारच्या एका गल्लीत दोन प्रतिस्पर्धी होते, समोरासमोर. एकाकडे कॅमेऱ्यांचं नवं संगणकी यंत्र आणि काचेची केबिन. दुसऱ्याकडे चार लोखंडी स्टँड, ताणलेला पांढरा दोरा आणि पोलादी पट्टी. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे बांधायचे, चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं, फरक तो टो. ही रीत अडाणी मुळीच नाही. जगभरातले छोटे शर्यती संघ मैदानावर आजही अशीच मापं घेतात, कारण दोऱ्याला वीज लागत नाही आणि त्याचं कॅलिब्रेशन बिघडत नाही. दोघे एकमेकांबद्दल बरं बोलत नसत. “दोऱ्याने पतंग उडवावा” असं एक म्हणे, “काचेत बसून चाक दिसत नाही” असं दुसरा. एकदा गाळे बंद व्हायच्या वेळेला मी तिथेच रेंगाळलो होतो. दोरावाल्याचा पोऱ्या दोन चाकं गडगडवत समोर बॅलन्सिंगला घेऊन गेला. पाठोपाठ काचेच्या केबिनमधले मालक स्वतः रस्ता ओलांडून आले आणि हळूच म्हणाले, “उद्या सकाळी एका गाडीला जरा दोरा लावून बघाल? माझा कागद मला पटत नाही.” वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, गिऱ्हाइकांना कळू न देता.

दोरावाल्या उस्तादांची नजर किती पक्की होती याची एक आठवण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये फॉर्म्युला वनच्या बार्सिलोना चाचणीत मर्सिडीजचा लुइस हॅमिल्टन सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचं चाक स्वतःकडे ओढतो आणि वळणाआधी परत ढकलतो, असं गाडीवरच्या कॅमेऱ्यात दिसलं. ते दृश्य सगळीकडे फिरलं, तर्ककुतर्क झाले. गाळ्यात कोणीतरी मोबाइलवर ते दाखवलं. उस्तादांनी आवाज बंद करायला लावला, पुढची चाकं दोनदा पाहिली आणि म्हणाले, “टो बदलतोय. सरळ रस्त्यावर चाकं सरळ, वळणावर परत तिरकी.” मर्सिडीजची ती डास नावाची यंत्रणा अगदी हेच करत होती. ऑस्ट्रियाच्या शर्यतीच्या वेळी रेड बुलने तिच्याविरुद्ध तक्रार केली. पंचांनी ती फेटाळली आणि त्या वर्षापुरती यंत्रणा चालली. २०२१ पासून नियमाने तिच्यावर बंदी आली. आपण रॅम्पवर पाना लावून जे करतो ते चालत्या गाडीत करण्यावरून जगातले दोन श्रीमंत संघ भांडले, याचा उस्तादांना मनापासून अभिमान वाटला.

रेड बुलचाही असाच एक कोन त्यांच्या गळ्याशी आला होता. २०११ च्या बेल्जियन शर्यतीत त्यांनी पुढच्या चाकांना टायर पुरवणाऱ्या पिरेलीने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा झुकाव, दिला. पात्रता फेरीनंतर पाहतात तो पुढच्या टायरांवर फोड आलेले. टायर बदलू द्या म्हणून विनंती केली, ती मान्य झाली नाही. त्याच टायरांवर सुरुवात करायची, नाहीतर पिट लेनमधून मागे राहून निघायचं. संघाचे तेव्हाचे तांत्रिक प्रमुख एड्रियन न्यूई यांनी त्या शर्यतीचा किती धसका घेतला होता ते पुढे मोकळेपणाने सांगितलं. संघाचा चालक व्हेटेल याने त्याच टायरांवर सुरुवात केली, लवकर पिटमध्ये येऊन ते बदलले आणि शर्यत जिंकली. जगाला करंडक दिसला, अंशाच्या काही दशांशांवरून उडालेली झोप दिसली नाही.

बॅलन्सिंगचं गणित तर याहून निर्दय. रिमच्या कडेला तीस ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १२० ला ते चाक सेकंदाला सुमारे सोळा वेळा फिरतं आणि दर फेरीत सुमारे साडेसात किलोचा झटका देतं. वेग दुप्पट तर झटका चौपट. ताशी साठला न जाणवणारी खोट द्रुतगती मार्गावर हात थरथरवते ती याच हिशोबाने. एका गाडीला एका पॉश दुकानात बॅलन्सिंग झालं आणि परतीच्या वाटेवर चाकातून किरकिर ऐकू येऊ लागली. उस्तादांनी चाक काढलं. स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक कॅलिपर इतके मोठे असतात की रिमच्या आत बोटभर जागा राहते. चिकटवलेली वजनं नेमकी तिथे आली होती आणि कॅलिपरने ती तासून निम्मी केली होती. थोडं दुर्लक्ष झालं असतं तर वजनं उडाली असती, कॅलिपरवर ओरखडे राहिले असते. उस्तादांनी जागा स्पिरिटने पुसली, वजनं दोन इंच आत सरकवून लावली. रिम न पुसता वजन चिकटवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता.

थरथरणारी प्रत्येक गाडी बॅलन्सिंगचीच असते असंही नाही. पावसाळाभर तळघरात उभी राहिलेली गाडी टायरच्या एकाच जागेवर भार टाकून असते आणि तिथे रबर चपटं होतं. एक मालक अशी गाडी घेऊन आले. उस्तादांनी हवा भरून दिली, बायपासवर वीसेक किलोमीटर जाऊन या म्हणाले. टायर तापले, गोल झाले, थरथर गेली. मालक परत आले ते मिठाईचा डबा घेऊन, आणि यंत्राला हातही न लावता मिळालेली ती मिठाई गाळ्यात सगळ्यांनी मिळून खाल्ली.

द स्टेट्समनच्या विंटेज गाड्यांच्या रॅलीआधी गाळ्याचं रूपच पालटायचं. पन्नासच्या दशकातली एमजीए गाडी आली, तारांच्या आऱ्यांची चाकं असलेली. आधुनिक यंत्र तिला घेईना, चाक आधीच डुलत होतं. आरे ताणून चाक सरळ केल्याशिवाय बॅलन्सिंग व्यर्थ. शेवटी नाक्यावरच्या सायकल-रिक्षाच्या कारागिराला बोलावलं. त्याने चाक उलटं टांगलं, खडूचा तुकडा धरून फिरवलं आणि जिथे खूण उमटली तिथले आरे एकेक आवळत गेला. दुपारपर्यंत चाक पाण्यासारखं फिरू लागलं. रॅलीत त्या गाडीभोवती गर्दी होती, आणि गर्दीत मागे उभा राहून तो कारागीर फक्त चाकांकडे बघत होता.

बराकपूरच्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती होत. आज सौरव गांगुलीच्या मालकीचा संघ कोलकात्याचं नाव घेऊन धावतो, पण धावतो चेन्नई-कोइम्बतूरकडे, कारण कोलकात्यात शर्यतीचा कायमचा ट्रॅकच नाही. वेगाचं मैदान नसलेल्या या शहरात वेगाची मापं घेणारे हात आहेत, आणि ते हात आता म्हातारे होत चालले आहेत. नवी पोरं यंत्राचं बटण शिकतात, दोरा शिकत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुमची गाडी कुठलीही असो, पुढच्या वेळी अलाइनमेंटला जाल तेव्हा आधी हवा मोजायला सांगा, बुश आणि टाय रॉड हलवून पाहायला सांगा, कामाआधीचा आणि कामानंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या. आणि जो माणूस यंत्र चालू करण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघतो, त्याच्याकडेच गाडी द्या.