संपीडित हवेच्या वाहिनीतील आटेदार जोडण्या : गळतीची कारणे व प्रतिबंध

प्रस्तावना :
पाणी गळाले तर जमीन ओली होते, तेल गळाले तर डाग पडतो. हवा गळते ती केवळ बारीक आवाज करून, आणि चालू कार्यशाळेच्या गोंगाटात तोही ऐकू येत नाही. ७ बार दाबाच्या वाहिनीतील ३ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र सेकंदाला सुमारे १० लिटर मुक्त हवा बाहेर टाकते. तेवढी हवा पुन्हा दाबण्यास साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज खर्ची पडते. या गळतीचे एक प्रमुख स्थान म्हणजे आटेदार जोडण्या. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे.

आट्यांचे स्वरूप :
निमुळते आटे घट्ट आवळले की ते आपोआप हवाबंद होतात, हा समज चुकीचा आहे. आट्यांचे माथे व तळ यांमध्ये थोडी पोकळी उरतेच, आणि ती मळसूत्री वाटेने आतून बाहेरपर्यंत जाते. ही वाट बुजविणे हेच टेपचे वा लेपाचे कार्य होय. समांतर आट्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे हवा अडविण्याचे काम वॉशर किंवा रबरी कडे करते. आट्यांवर टेप गुंडाळणे व्यर्थ ठरते.

दुसरा घोटाळा मानकांचा. अमेरिकी एनपीटी आट्यांचा कोन ६० अंश, तर आपल्याकडे रूढ असलेल्या बीएसपी आट्यांचा ५५ अंश असतो. पाव इंची मापात दर इंचास अनुक्रमे १८ व १९ आटे असल्याने चूक लवकर ध्यानात येते. अर्ध्या इंचात मात्र दोहोंचे १४ आटे असतात. जोडणी बिनतक्रार बसते आणि गळत राहते.

टेप व लेप :
टेफ्लॉन टेप गुंडाळण्यापूर्वी आटे ब्रशने स्वच्छ करावेत. बाहेरील आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन-तीन वेढे ताणून द्यावेत. उलट दिशेने दिल्यास आवळताना टेप उलगडते. पहिला आटा मोकळा सोडावा, अन्यथा टेपचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नळकाम करणाऱ्यांचा आवडता धागा-सफेदा पाण्यासाठी ठीक, कारण धागा ओलाव्याने फुगतो. कोरड्या हवेत तो आकसतो. कंप असलेल्या धातूच्या जोडण्यांना हवेच्या अभावी घट्ट होणारा द्रवलेप अधिक योग्य, मात्र त्यास सुकण्यास अवधी द्यावा लागतो. वाहिनीत दाब असताना कोणतीही जोडणी आवळू नये.

एक अनुभव :
प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयीन कार्यशाळेत दाब पुरत नाही म्हणून मोठ्या कॉम्प्रेसरचा प्रस्ताव तयार झाला होता. तत्पूर्वी हवेचा सर्व वापर बंद ठेवून नोंद घेतली असता, यंत्र २ मिनिटे हवा भरत होते व ३ मिनिटे थांबत होते. भरण्याचा काळ भागिले एकूण काळ, म्हणजे ४० टक्के हवा वाया! साबणाच्या पाण्याने तपासता चार जोडण्यांवर बुडबुडे आले. पैकी एकीत एनपीटीचा तुकडा बीएसपीत बसवून वर टेपचे जाड थर दिलेले होते. दुरुस्तीनंतर हे काळ १ मिनिट २० सेकंद व १२ मिनिटे झाले, म्हणजे गळती १० टक्क्यांवर आली. प्रस्ताव मागे घेण्यात आला. उरलेली गळती बहुतांशी रबरी नळीच्या झटपट जोडणीतील झिजलेल्या कड्याची होती. तेथे टेप कामाची नाही, कडेच बदलावे लागते.