विमानाचे भाग धुणारे हात



१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून आम्हा राजापेठकरांच्या बोलण्यात विमान वरचेवर येऊ लागले आहे. वस्तीतल्या मुलांना विचारले तर कुणाला पायलट व्हायचे असते, कुणाला हवाई सुंदरी. विमान जमिनीवर असताना त्याची निगा राखणारी माणसे मात्र कुणाला आठवत नाहीत. त्यांच्यापैकी एका कामाची माहिती या अंकात देत आहे. विमानाचे सुटे भाग धुण्याच्या लाईनवरचा ऑपरेटर, हे ते काम. ते मला कळले माझ्याच एका चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगते.

माझा चुकीचा सल्ला

चिखलदरा तालुक्यातल्या एका कोरकू कुटुंबातील मुलगा आमच्या मदतीने आयटीआय झाला. ट्रेड फिटर. एके दिवशी नागपूरहून त्याचा फोन आला. "ताई, विमानाच्या वर्कशॉपमध्ये क्लिनिंग लाईनवर ऑपरेटर घेऊन राहिले. जाऊ काय?"

मी त्यातला 'क्लिनिंग' एवढाच शब्द ऐकला. आपल्या मुलांच्या हातात प्रमाणपत्र असूनही ठेकेदार त्यांना पोछा देतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की पुढचे विचारलेच नाही. "थांब, दुसरे काही बघू," असे सांगून मोकळी झाले. वडिलांनाही ते पटले. "बाई, दोन वर्सं पोराले शिकवलं, ते काय धुनं धुवाले?" असे ते म्हणाले.

दुसरे काही मिळाले नाही. मुलगा चार महिने हरभऱ्याच्या सोंगणीला आणि वीटभट्टीवर गेला. पुन्हा जागा निघाली तेव्हा त्याने मला विचारले नाही. तो सरळ रुजू झाला.

होळी हा कोरकू लोकांचा मोठा सण. होळीला गावी जाताना अमरावतीत गाडी बदलायची असते, तेव्हा तो आमच्या राजापेठच्या कार्यालयात आला. जुन्या अहवालाच्या कोऱ्या पाठीवर त्याने एका ओळीत आठ चौकोन काढले आणि प्रत्येक टाकीत काय असते ते मला समजावून सांगितले. तासभर मी विद्यार्थिनी झाले होते.

हे काम कुठे असते?

विमान ठरावीक तास उडाले किंवा ठरावीक वेळा उतरले की ते उघडून तपासावेच लागते. आपल्या विदर्भात यासाठी नागपूरचे मिहान आहे. बोइंग कंपनीने एअर इंडियासाठी उभारलेले मोठे देखभाल केंद्र तिथे २०१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर खासगी देखभाल केंद्रेही तिथे आली. मुंबईत एअर इंडियाच्या कार्यशाळांमध्ये इंजिने उघडून दुरुस्त करण्याचे काम कित्येक दशके चालले. आमचा मुलगा कोणत्या कार्यशाळेत आहे ते मी लिहीत नाही. कामाची पद्धत मात्र सगळीकडे साधारण सारखीच असते.

इंजिन, चाके किंवा उतरण्याचे पाय सुटे केले की प्रत्येक भागावर तेल, ग्रीस, काजळी आणि उष्णतेने जळून बसलेला थर असतो. अशा भागाची तपासणी होऊ शकत नाही. त्यामुळे खोललेला भाग पहिल्यांदा धुण्याच्या लाईनवर येतो.

आठ टाक्यांची ओळ

इंजिनाच्या भागांसाठी नेहमीचा क्रम असा असतो. पहिल्या टाकीत गरम अल्कलीचे पाणी. त्यात तेल आणि ग्रीस सुटते. दुसरी टाकी साध्या पाण्याची. तिसरीत आम्ल. ते गंज आणि जळका थर सैल करते. चौथी पुन्हा पाण्याची. पाचवीत अल्कलीत विरघळवलेले पोटॅशियम परमँगनेट, जवळजवळ उकळते. गावातल्या विहिरीत आपण जी लाल दवा टाकतो तीच ही, फक्त फार तीव्र. चिवट थर ती सोडवते. सहावी पाण्याची. सातवीत गरज असेल तर पुन्हा आम्ल किंवा अल्कली. आठवीत स्वच्छ गरम पाणी. त्यानंतर भाग भट्टीत वाळवतात.

भाग जाळीच्या टोपलीत ठेवून लहान क्रेनने एका टाकीतून दुसरीत नेतात. कोणत्या टाकीत किती मिनिटे आणि किती तापमानाला ठेवायचे, हे जॉब कार्डावर लिहिलेले असते. अंदाजाने काही करायचे नसते. टाकीतल्या द्रावणाचा नमुना ठरलेल्या दिवशी प्रयोगशाळेत जातो. द्रावण कमजोर झाले असेल तर ते सुधारेपर्यंत टाकी बंद ठेवतात.

मधल्या पाण्याच्या टाक्या मला आधी बिनमहत्त्वाच्या वाटल्या होत्या. मुलगा म्हणाला, "ताई, खरं काम तिथंच हाय." भागाला चिकटलेली अल्कली आम्लात गेली तर आम्ल खराब होते, आणि पुढचे सगळे भाग अर्धवट धुतले जातात. शेवटी भाग स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. त्यावर पाणी सोडतात. पाण्याचा पातळ पडदा अखंड पसरला तर भाग स्वच्छ. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे.

धातू ओळखला नाही तर

घरी आपण पितळेचा तांब्या चिंचेने घासतो. ॲल्युमिनियमचे पातेले चिंचेने घासत नाही आणि सोड्यातही फार वेळ ठेवत नाही. या लाईनवरही हीच अक्कल लागते, पण चुकीची किंमत फार मोठी असते.

ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात अक्षरशः विरघळते. मॅग्नेशियमचा भाग साध्या आम्लातही खाल्ला जातो. अतिशय कठीण पोलाद आम्लात बुडवले तर त्यात हायड्रोजन शिरतो. वरून काही दिसत नाही, पण आतून पोलाद ठिसूळ होते. म्हणून तसे भाग आम्लात घालत नाहीत, आणि जिथे घालणे भागच असते तिथे नंतर भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढतात. टायटॅनियमला क्लोरीन असलेली द्रावणे चालत नाहीत. पुढे इंजिनात तापल्यावर त्याला भेगा जाऊ शकतात.

म्हणून टोपलीत भाग ठेवण्यापूर्वी ऑपरेटर त्याला बांधलेला टॅग वाचतो. भागाचा नंबर कोणता, धातू कोणता, कोणती पद्धत लावायची. टॅग नसेल तर भाग उचलायचा नाही. घाई असो, साहेब ओरडो, उचलायचा नाही.

इतकी स्वच्छता कशासाठी?

धुतलेला भाग पुढे तपासणीला जातो. तिथे त्यावर एक चमकणारे रंगद्रव्य लावतात. केसाहून बारीक भेग असली तरी ते द्रव्य तिच्यात शिरते. वरचे द्रव्य पुसून काढतात, पांढरी भुकटी टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली बघतात. भेग असेल तिथे हिरवट पिवळी रेघ उजळते.

आता भेगेत आधीच तेल किंवा काजळी भरलेली असेल तर रंगद्रव्य आत जाणार कुठून? धुतल्यावर भेगेत पाणी राहिले तरी तेच होते. वाळूचा जोरदार मारा करून भाग चकचकीत केला तर वरचा धातू सरकून भेगेचे तोंडच बंद होऊ शकते. म्हणजे भाग दिसायला छान, आणि आत भेग तशीच.

याचे एक दुःखद उदाहरण नोंदलेले आहे. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील पेन्साकोला येथे डेल्टा एअरलाइन्सचे १२८८ क्रमांकाचे विमान उड्डाणासाठी धावत असताना डाव्या इंजिनाचा पुढचा हब फुटला. तुकडे प्रवाशांच्या कक्षात घुसले आणि दोन प्रवासी मरण पावले. हब बनवताना एका छिद्राजवळ दोष राहिला होता आणि तिथून भेग वाढत गेली होती. या हबची रंगद्रव्याने तपासणी झालेली होती. त्या वेळी भेग सापडण्याइतकी मोठी होती, तरी ती सुटली. तिथल्या चौकशी मंडळाने तपासणीबरोबर धुण्याच्या आणि वाळवण्याच्या पद्धतीकडेही बोट दाखवले. गरम पाण्यातून काढून नुसते वाऱ्यावर वाळू दिलेल्या भागाच्या भेगेतले पाणी खात्रीने निघते का, हा प्रश्न त्यांनी विचारला.

हे ऐकल्यावर मला माझा 'थांब' आठवला. ज्या कामाला मी पोछा समजत होते, ते नीट झाले नाही तर पुढच्या तपासनिसाचे डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी आंधळे ठरतात. विमान उडण्यास योग्य असल्याचा दाखला परवानाधारक इंजिनीअर देतात. पण धुण्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऑपरेटरचीही सही किंवा शिक्का असतो. वर्षांनंतरही कागद काढला तर भाग कोणी धुतला ते कळते. ज्या घरात कालपर्यंत कागदावर अंगठा उठत होता, त्या घरच्या मुलाची सही आज या कागदावर आहे.

धोके

हे काम सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. टाकीत उकळते कॉस्टिक आणि आम्ल असते. एक शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. वाफ छातीत जाते. म्हणून रबरी ॲप्रन, गमबूट, लांब हातमोजे, गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची काच, हे सगळे लागतेच. टाक्यांवर वाफ ओढणारे पंखे हवेत. जवळच डोळे धुण्याचा नळ आणि अंगावर पाणी सोडणारा शॉवर हवा. द्रावण तयार करताना आम्ल पाण्यात हळूहळू सोडायचे, पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.

आमच्या मुलाला सुरुवातीला ज्या ठेकेदाराने पाठवले, त्याने पहिल्या आठवड्यात फाटके हातमोजे दिले होते. मनगटावर भाजल्याचा डाग आहे. तो बाही खाली ओढून बसला होता, म्हणून मला उशिरा दिसला. सुपरवायझरला सांगितल्यावर नवे मोजे मिळाले. सांगायला त्याने तीन दिवस घेतले. आपली मुले मागायला लाजतात. हे आपण त्यांना जाण्याआधीच शिकवले पाहिजे.

कोण जाऊ शकतो, आणि काय विचारावे?

दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना संधी असते. फिटर चालतो. केमिकल प्लांट अटेंडंट किंवा इलेक्ट्रोप्लेटर हे ट्रेड या कामाच्या जास्त जवळचे आहेत. विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा वेगळा ट्रेडही आयटीआयमध्ये आहे. कोणताही ट्रेड असो, जॉब कार्ड इंग्रजीत असते. शंभर-दोनशे तांत्रिक शब्द आणि आकडे न चुकता वाचता आले पाहिजेत. रंग ओळखण्यात दोष नसावा आणि रात्रपाळीची तयारी असावी.

ठेकेदाराकडून बोलावणे आले तर आपण पुढील गोष्टी विचाराव्यात. नेमणुकीचे पत्र मिळेल का? भविष्य निर्वाह निधीचा नंबर आणि ईएसआयचे कार्ड कधी मिळेल? (महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला ईएसआय लागू होते, ठेक्यावरच्यालाही.) प्रशिक्षण किती दिवस? हातमोजे, गमबूट, चष्मा कोण देणार? लाईनवर काम आहे की फरशी पुसण्याचे? हा शेवटचा प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता, तर एका मुलाचे चार महिने वाचले असते.

आपल्याकडे एक विनंती

होळीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गावी गेले. वडिलांनी मला अंगणात खाट टाकून दिली. मुलाने जे मला सांगितले होते तेच मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाचा हात धरून मनगटावरचा डाग पाहिला आणि विचारले, "आता मोजे चांगले भेटते ना?" तेवढेच.

यंदा त्याच परिसरातली तीन मुले आयटीआय पूर्ण करत आहेत. त्यात एक मुलगी आहे. नागपूरला पहिला पगार हाती येईपर्यंत दीड-दोन महिने लागतात. तेवढ्यात खोलीभाडे आणि खानावळ परवडत नाही म्हणून मुले परत येतात. नागपुरातील मंडळीच्या सभासदांपैकी कुणाच्या घरी एखादी खोली दोन महिन्यांसाठी देता येत असेल, तर कृपया राजापेठ कार्यालयात कळवावे. ज्यांना इंग्रजी तांत्रिक शब्द शिकवता येतील अशा निवृत्त इंजिनीअर बंधुभगिनींनीही जरूर यावे. मे महिन्यात दर शनिवारी वर्ग घेण्याचा विचार आहे.

आणि प्रार्थनेत या मुलांना आठवावे. रात्रपाळीत डोळे जड होतात, तेव्हाही टॅग वाचूनच भाग उचलण्याची बुद्धी त्यांना मिळो.

आपली सेवेतील बहीण,
राजापेठ, अमरावती