मत तिथलं, पाणी इथलं

भोसरीच्या एका चाळीत माझं बालपण गेलं. १९७२ च्या दुष्काळात वडील मराठवाड्यातून कामासाठी आले, ते इथलेच झाले. निवडणूक आली, की मात्र एस. टी. धरून गावी जात. "पाणी इथलं पितो, मत तिथलं देतो," असं हसत म्हणत. चाळीला नळ एकच होता आणि तोही तासभर येई. पुढे मी राज्यशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कळला.

अमेरिकेत हेच कोडं लॅटिनो समाजाच्या अभ्यासानं पुढे आणलं. रॉबर्ट डाल यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन शहराचा अभ्यास करून मांडलं होतं, की सत्ता अनेक गटांत विखुरलेली असते. रॉडनी हीरो यांनी १९९२ मध्ये लॅटिनोंचा अनुभव समोर ठेवला. कागदावर हक्क सारखे, पण व्यवहारात वजन नाही! म्हणजे लोकशाहीच्या घराला दोन मजले आहेत, आणि काहीजण कायम खालीच राहतात. १९८९-९० च्या मोठ्या पाहणीत दुसरा धडा मिळाला. बहुतेकांनी स्वतःला 'लॅटिनो' न म्हणवता मेक्सिकन, पोर्तोरिकन किंवा क्यूबन म्हणवलं. बाहेरून एक दिसणारा गट आतून एक नसतो.

आता आपल्याकडे पाहा. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. चाकणच्या कारखान्यांत मराठवाडा, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश इथली मुलं शेजारी-शेजारी उभी असतात. आपण त्यांना सरसकट 'बाहेरचे' म्हणतो. निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी भारतातल्या अनेक शहरांतल्या नगरसेवकांकडे मदतीची पत्रं पाठवून पाहिली. स्थलांतरिताच्या नावच्या पत्राला प्रतिसाद कमी मिळाला. त्याचं एक कारण म्हणजे हा माणूस इथं मत देणार नाही, ही समजूत. मतदार यादीत नाव असल्याचं कळताच हा फरक कमी झाला. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मंडळी, कायदा या बाबतीत मोकळा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस सर्वसाधारणपणे जिथं राहतो, तिथं त्याचं नाव लागतं. गावी घर आहे एवढ्यावरून तो तिथला रहिवासी ठरत नाही. पत्ता बदलल्यास आठ क्रमांकाचा अर्ज भरायचा. अडतं ते पुराव्यापाशी. भाड्याच्या खोलीत चौघं राहतात आणि करारनामा कुणाच्याच नावावर नसतो.

वडिलांनी अखेर नाव इथं आणलं. त्या वर्षी पहिल्यांदा एक उमेदवार आमच्या दारात आला. वडिलांनी चहा दिला आणि नळाचं विचारलं. नळ लगेच आला नाही. पण प्रश्न विचारायला दारात कुणीतरी उभं होतं, हे आधी कधी घडलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)