सलाईनचे सेट वॉर्डात उशिरा का पोहोचतात?

रुग्णालयाच्या भांडारात लीन आणायचं म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, माणसं कमी करा आणि ट्रॉली जोरात पळवा. तसं नाहीये. समजा, वॉर्डाने 9 वाजता मागणीपत्र दिलं आणि सलाईनचे सेट 1 वाजता आले. ट्रॉलीचा प्रवास असतो 10 मिनिटांचा! बाकी वेळ कागद सहीसाठी पडून असतो, नाहीतर भरलेली ट्रॉली लिफ्टपाशी उभी असते. म्हणून आधी घड्याळ घेऊन प्रत्येक टप्प्याची वेळ स्वतः लिहा. (मी सुरुवातीला रजिस्टरवर विसंबले. तिथल्या वेळा संध्याकाळी एकदम भरलेल्या निघाल्या.)

माल वेळेवर येईल याचा भरवसा नसला की सिस्टर कपाटात जादा साठा ठेवतात. मग एका वॉर्डात मुदत संपलेला माल आणि शेजारच्या वॉर्डात तुटवडा. टोयोटाच्या कानबानवर आधारलेली दोन डब्यांची पद्धत इथे कामी येते. पहिला डबा संपला की रिकामा डबा हेच मागणीपत्र, तोवर दुसऱ्यातून काम चालू. पण डबा सरासरी खपावर बेतू नका. माल यायला लागणाऱ्या वेळात जास्तीत जास्त किती खप होतो ते बघा. डेंग्यूच्या दिवसांत सरासरी फसवते.

आणि मोजायचंच असेल तर हेही मोजा: रुग्णाला सोडून सिस्टरला दिवसात किती वेळा स्वतः भांडारात जावं लागलं?